रांगेत मागे कोण?

रात्रीचा एक वाजून बारा. हिंजवडीतल्या या मजल्यावर दिव्यांची एकच ओळ चालू आहे, तिच्याखाली आम्ही दोघं. सहा महिन्यांपूर्वी टीममध्ये आलेली ही मुलगी आज पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं प्रॉडक्शनवर बदल करतेय. मी शेजारी खुर्ची ओढून बसलोय, हात मुद्दाम खिशात.

काम एवढंसं. ऑर्डर्सच्या टेबलात एक कॉलम वाढवायचाय. पोस्टग्रेसच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, ठरीव डिफॉल्टसकट कॉलम घातला तरी अख्खं टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. ती ‘ऑल्टर टेबल’ टाइप करते, दोनदा वाचते, एंटर मारते.

कर्सर नुसता लुकलुकतो.

पाच सेकंद. दहा. डॅशबोर्डवर कनेक्शनचा आकडा चढायला लागलाय: 80, 130, 190. मर्यादा 300 ची. सपोर्टवाल्याचा फोन येतोच. “ॲप अडकलंय का हो?” “बघतोय,” म्हणून मी ठेवतो.

ती ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ उघडते. ओळीच ओळी, सगळ्या लॉकसाठी ताटकळलेल्या. साधे सिलेक्टसुद्धा.

“सर, माझ्या ऑल्टरला तर लॉक मिळालेलंच नाही. मग हे का थांबलेत?”

बरोबर जागी बोट ठेवलंय पोरीनं. ऑल्टरला टेबल पुरतं मोकळं हवं असतं. ते मिळेस्तोवर तो रांगेत उभा राहतो, आणि मागून येणाऱ्या कुणालाच पुढे सोडत नाही. आत शिरलेला नाही, पण दार अडवून उभा.

“मग त्याच्या पुढे कोण आहे?” मी विचारतो.

ती ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ चालवते. एकच नंबर. संध्याकाळी 7:42 पासूनचं सेशन, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. कुणीतरी रिपोर्टसाठी ट्रान्झॅक्शन उघडून सिलेक्ट मारलाय आणि कमिट न करताच जेवायला घरी गेलंय. वाचणाऱ्याचंही एक हलकं लॉक असतं; ट्रान्झॅक्शन मिटल्याशिवाय ते सुटत नाही.

“उडवू याला?”

“आधी तुझा ऑल्टर रद्द कर.”

तिला हे रुचलेलं नाही, चेहऱ्यावर दिसतंय. नवख्याचा हात आधी दुसऱ्याच्या सेशनकडेच वळतो, माझाही वळायचा. ती कंट्रोल-सी दाबते. 210 वर गेलेला आकडा झरझर उतरतो. फोन पुन्हा वाजत नाही.

आता सवडीनं त्या झोपलेल्या सेशनकडे. ‘बॅकएंड एक्सआयडी’चा रकाना रिकामा आहे, म्हणजे त्यानं काही लिहिलेलं नाही, मारलं तर कुणाचं काही बुडणार नाही. ती ‘टर्मिनेट’ करते. मग मी सांगतो ती ओळ टाकते, लॉक टाइमआउट तीन सेकंद, आणि पुन्हा ऑल्टर.

9 मिलिसेकंद.

ती खुर्चीत मागे रेलते आणि लगेच पुढे येते. “सर, ही टाइमआउटची ओळ रनबुकमध्ये का नाही?”

रनबुक मी लिहिलंय. वर नाव माझंच आहे.

“मला पाठ होती म्हणून राहिली,” मी म्हणतो. दुसरं काय सांगणार?

ती फाइल उघडते, पहिल्या पायरीच्या वर जागा करते, लिहायला लागते. मग थांबते.

“तारीख कालची टाकू की आजची?”