दुसऱ्याचें घर बांधतांना

'घर पहावें बांधून' असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें घरमालकाची ओढाताण असते. परंतु जो गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांचींच घरें उभारून आपला संसार चालवितो, त्याची काळजी सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. माझा पुतण्या येथें धामणगांव रेल्वेस वास्तुशिल्पाची लहानशी कचेरी चालवितो. तो स्वतः, नकाशे काढणारा एक मदतनीस व कामावर देखरेख ठेवणारा एक मुलगा, एवढाच परिवार. त्याच्या धंद्यापायीं आमच्या एकत्र कुटुंबास जें शिकावें लागलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

वऱ्हाडांत पहिला धोका पायाखालींच असतो. येथील काळी कपाशीची माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, कीं भिंतींस तडे गेलेच समजावें. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावें, किंवा तळाशीं रुंद केलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवून त्यांवर इमारत तोलावी. पुतण्यानें एका परिचिताच्या घराचा नकाशा तर केलाच, पण भिडेस पडून ठराविक रकमेंत घर बांधून देण्याचा मक्ताही घेतला. मुरूम अंदाजापेक्षां पुष्कळ खोल निघाला, लोखंड व सिमेंट महागलें, आणि वर्षाची कमाई त्या खड्ड्यांत गेली. पाया उथळ ठेवून त्याला स्वतःचें नुकसान टाळतां आलें असतें. तें त्यानें केलें नाहीं.

राहतें घर गहाण टाकावें काय, हा प्रश्न अखेर आमच्या माजघरांत येऊन बसला. वहिनींनीं हातांतल्या पाटल्या काढून लेकापुढें ठेविल्या. थोरले बंधू एवढेंच म्हणाले, "अरे, नकाशा तुझा खरा, पण जमीन मालकाची ना? मग खड्ड्याची जोखीम तूं कां घेतलीस?"

हें शहाणपण नवें नव्हे. मयमतांत स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि असे चार शिल्पी सांगून प्रत्येकाचें काम निराळें ठेविलें आहे. कौटिल्यानेंही मुदत चुकविणाऱ्या कारागिराची पाव मजुरी कापून वर दंड सांगितला आहे. कामाची हद्द आणि चुकीची किंमत हीं दोन्ही आधींच ठरलेलीं असावींत, हें त्यांतलें सार.

आणखी एक धोका मालक बदलण्याचा. मद्रासेस स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लक्ष्मण महादेव चितळे यांचें उदाहरण घ्या. तेथील माउंट रोडवरील उत्तुंग इमारत एका खासगी विमा कंपनीनें आरंभिली. कंपनीचे धुरीण चिदंबरम् चेट्टियार १९५४ सालीं विमान-अपघातांत वारले. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें. विलायती वास्तुशिल्पीही निघून गेले. अपुरें काम चितळ्यांनीं तडीस नेलें व १९५९ सालीं इमारतीचें उद्घाटन झालें. मालक असा मध्येंच पालटूं शकतो. तोंडचा शब्द त्याच्याबरोबर जातो. लेख तेवढा राहतो.

तेव्हांपासून पुतण्यानें कांहीं नियम पाळले आहेत. करार लेखी, मोबदला नकाशा, मंजुरी, पाया, छत अशा टप्प्यांनीं, एका टप्प्याचे पैसे आल्याखेरीज पुढला टप्पा नाहीं. मातीची परीक्षा आधीं, मालकाच्या खर्चानें. बांधकामाचा मक्ता दुसऱ्याचा. आणि काम मिळवून देण्याबद्दल कमिशन घ्यावयाचें नाहीं कीं द्यावयाचें नाहीं. वास्तुशिल्पींच्या १९८९ च्या आचारनियमांतही तें निषिद्धच आहे. येथें घरांचीं कामें कापसाचा पैसा हातीं आल्यावर निघतात व पावसाळ्यांत थंडावतात. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च नेहमीं निराळा ठेवावयाचा.

कुटुंबांतील वडील मंडळींसही एक सूचना. २००५ च्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्तीनंतर काढलेलें बापाचें कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसूल करतां येत नाहीं. परंतु जो जामीन म्हणून सही करतो, त्यास १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मूळ ऋणकोइतकेंच देणें लागतें. मुलाच्या धंद्यास आशीर्वाद मोकळेपणें द्यावा. सही मात्र कागद वाचूनच करावी.

आमचें घर गहाण पडलें नाहीं. पाटल्या पेढीवर गेल्या व दोन हंगामांनंतर वहिनींच्या हातांत परत आल्या. त्या परिचिताच्या भिंतींस अद्याप एकही तडा नाहीं. त्या रस्त्यानें जातांना पुतण्या मान वर करून जातो, यापरती कमाई कोणती?