चार पेंग्विन आणि एक आगाऊ राजा

'मादागास्कर'मधला सिंह मला कधीच फारसा भावला नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लाडावलेला अ‍ॅलेक्स, बाहेरच्या जगाची हौस असलेला झेब्रा मार्टी, सदा आजारपणाची धास्ती घेतलेला जिराफ मेलमन आणि ठसकेबाज पाणघोडी ग्लोरिया, असे हे चार नायक. ड्रीमवर्क्सच्या या चित्रपटाचा पहिला भाग २००५चा, दिग्दर्शक एरिक डार्नेल आणि टॉम मॅकग्रा. पुढचे भाग २००८ आणि २०१२ साली आले. इतिहास एवढा पुरे, कारण मी दर वेळी वाट पाहायचो ती चार पेंग्विनांची.

पहिल्या चित्रपटात हे चौघे भुयार खणतात, जहाज ताब्यात घेतात आणि थेट अंटार्क्टिका गाठतात. तिथं बर्फ आणि बोचरा वारा, दुसरं काही नाही. क्षणभर बघतात आणि परत फिरतात! मायदेशाच्या ओढीची इतकी गार चेष्टा मी दुसऱ्या कुठल्या बालपटात पाहिलेली नाही.

२००८च्या नोव्हेंबरात निकेलोडियनवर त्यांच्या स्वतंत्र मालिकेची झलक दिसली आणि मार्च २००९पासून ती नियमित सुरू झाली. एकेक गोष्ट जेमतेम ११ मिनिटांची, आणि माझ्या मते सगळी जादू त्यातच आहे. दीड तासाच्या चित्रपटात मैत्री, पश्चात्ताप, गळाभेट हे सगळं उरकावं लागतं. ११ मिनिटांत फक्त मोहीम फसते. संकट बहुधा क्षुल्लक, पण कॅप्टन स्किपर ते युद्धासारखं लढणार. डेन्मार्कमध्ये त्याला पाऊल टाकता येत नाही. का, ते विचारायचं नाही. कोवाल्स्की हा शास्त्रज्ञ. त्याच्या वहीत शब्द नसतात, नुसती चित्रं, कारण या पेंग्विनांना वाचताच येत नाही. अडलं तर शेजारच्या चिंपांझींकडे जायचं. त्यातल्या फिलला वाचता येतं पण बोलता येत नाही, मेसनला बोलता येतं पण वाचता येत नाही. (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल.) रिको पोटातून डायनामाइटपासून करवतीपर्यंत काहीही ओकून काढतो. प्रायव्हेट सगळ्यांत धाकटा, त्यामुळे माणुसकी त्याच्या वाट्याला आलेली.

स्किपरचा आवाज खुद्द मॅकग्राचा, आणि मालिकेतही तोच टिकला. लेमूरांचा राजा ज्युलियन मात्र बदलला: चित्रपटांत साशा बॅरन कोहेन, मालिकेत डॅनी जेकब्ज. मला, खोटं कशाला बोलू, जेकब्जचा ज्युलियन अधिक आवडतो. तो अधिक निर्लज्ज आहे.

या ज्युलियनपायी मी लेमूरांविषयी वाचत सुटलो. तो कड्याकड्यांच्या शेपटीचा लेमूर, आणि त्या जातीच्या कळपात सत्ता माद्यांची असते. खाण्याचा पहिला मान त्यांचा, नराला मुकाट बाजूला व्हावं लागतं. म्हणजे खऱ्या मादागास्करात हा राजा शेपूट सावरत रांगेत शेवटी उभा राहिला असता! त्याचा कारभारी मॉरिस हा आय-आय. लांबलचक मधल्या बोटानं लाकूड ठोकून आतली अळी शोधणारा विलक्षण निशाचर. ज्युलियनच्या पायांना लोंबकळणारा मॉर्ट हा मूषक लेमूर. ज्याला हे सगळे घाबरतात तो फोसा दिसतो मांजरासारखा, पण नातं मुंगसांशी अधिक जवळचं.

ज्युलियनलाही २०१४च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर स्वतंत्र मालिका मिळाली. पुढे २०२०मध्ये नायकांच्या बालपणाची 'अ लिटल वाइल्ड' आली. ती गोड आहे. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मध्यंतरी भायखळ्याला राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पाहायला गेलो होतो. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी २०१६ साली सोलहून मुंबईत आले. काचेपलीकडे ते ओळीनं डुलत चालले होते आणि मी नकळत जमिनीवर ताज्या मातीचा ढीग कुठे दिसतोय का ते शोधत होतो.

पाहायचं ठरवलंत तर २०१४चा पेंग्विनांचा चित्रपट मागे ठेवा; आधी ११ मिनिटांच्या गोष्टी पाहा, कुठूनही सुरुवात करा. आणि मालिकेत ज्युलियन मादागास्कर सोडून न्यूयॉर्कच्या पिंजऱ्यात कसा, याचा खुलासा शोधत बसू नका. मालिकेनं तो दिलेलाच नाही.