लोड बॅलन्सर : विनंत्यांचा पाटकरी

मंडळी, आज आपण एकच प्रश्न घेऊ. लाखो माणसं एकाच वेळी एका संकेतस्थळावर आली, तर कोणाला कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचं हे कोण ठरवतं? आणि त्याला ते सांगून ठेवायचं कसं?

उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. 16 जुलै 2021. कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. दुपारी 1 वाजता राज्यातल्या 15 लाखांहून अधिक मुलांचा निकाल खुला व्हायचा होता, आणि संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. त्या दिवसाची चिकित्सा आपल्याला करायची नाही. पण गर्दीची वेळ आधीच माहीत असते, तेव्हा मांडणी कशी करावी ते बघू.

कर्जतकरांना पाटकरी कोण हे सांगायला नको. येडगाव धरणातून निघालेल्या कुकडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन आपल्याकडे येतं, तेव्हा कोणत्या चारीला किती पाणी सोडायचं ते दारावरचा पाटकरी बघतो. लोड बॅलन्सर म्हणजे विनंत्यांचा पाटकरी. लोकांना पत्ता त्याचा एकट्याचा माहीत असतो. मागे चार सर्व्हर आहेत की चाळीस, ते त्यांना दिसत नाही.

त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, ऐकायचं कुठे? सुरक्षित संकेतस्थळासाठी 443 क्रमांकाचं पोर्ट. दुसरी, कोणती विनंती कोणत्या गटाकडे? निकालाची पानं एका गटाकडे, बाकीची चौकशी दुसऱ्या गटाकडे, असे नियम लिहिता येतात. तिसरी, गटातल्या सर्व्हरांमध्ये वाटणी कशी? सरळ पाळीपाळीने, किंवा ज्याच्या हातात कमी कामं बाकी आहेत त्याला आधी.

इथवर बहुतेक जण नीट करतात. खरी मेख पुढे आहे. सर्व्हर धड आहे की नाही, हे पाटकऱ्याला कळणार कसं? त्यासाठी असते हेल्थ चेक, म्हणजे ठरावीक वेळाने मारलेली हाक.

अॅमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग 2016 पासून चालू आहे. तिथल्या अॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचे मूळ आकडे घेऊ. दर 30 सेकंदांनी हाक, उत्तराला 5 सेकंद, ओळीने 2 हाका चुकल्या की सर्व्हर बाद, आणि परत घ्यायला ओळीने 5 बरोबर उत्तरं. म्हणजे सर्व्हर अडकल्यापासून तो बाद होईपर्यंत साधारण एक मिनिट जाऊ शकतं. आता हिशेब करा. समजा सेकंदाला 400 विनंत्या येताहेत आणि चारपैकी एक सर्व्हर अडकलाय. पाळीपाळीच्या वाटणीत त्याच्या वाट्याला सेकंदाला 100. मिनिटाभरात 6000 विनंत्या पाण्यात! हाक 10 सेकंदांनी मारली, तर हे नुकसान तिसऱ्या हिश्शावर येतं.

मग कमी कामवाल्याला आधी द्यावं का? द्यावं, पण एक धोका ओळखून. बिघडलेला सर्व्हर क्षणात चुकीचं उत्तर देऊन मोकळा होत असेल, तर तोच सगळ्यांत रिकामा दिसतो आणि पाटकरी त्याच्याचकडे जास्त पाणी सोडतो.

म्हणून किती वेळाने विचारायचं, याइतकंच काय विचारायचं हेही महत्त्वाचं. नुसतं मुखपृष्ठ मागितलं, तर ते आतला प्रोग्राम मेला असला तरी मिळू शकतं. उलट, दर हाकेला डेटाबेसपर्यंत जाऊन यायला लावलं, तर डेटाबेस जरा मंदावला की चांगले सर्व्हरसुद्धा एकदम नापास होतात. त्यात नापास सर्व्हर आपोआप बदलण्याची सोय जोडलेली असेल, तर ऐन गर्दीत धडधाकट सर्व्हर बंद होऊ लागतात. आपला सल्ला असा की हाकेत त्या सर्व्हरच्या स्वतःच्या तब्येतीपुरतंच विचारा. डेटाबेससाठी वेगळी धोक्याची घंटा लावा.

आणि पाटकरी कितीही हुशार असला तरी त्याच्या कामाला मर्यादा आहे. चार चाऱ्या काढल्या आणि पुढे सगळ्या एकाच अरुंद मोरीत सोडल्या, तर मोरी तुंबणारच. डेटाबेस ही ती मोरी. निकाल एकदा लागला की घडीघडी बदलत नाही. मग प्रत्येक मुलासाठी डेटाबेसला कशाला छळायचं? तयार पानं आधीच करून ठेवली, तर मोरीवरचा भार जवळजवळ संपतो.

राहिली परीक्षा. गर्दीच्या आठवडाभर आधी, खोटी गर्दी सोडून, एक सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि घड्याळ लावून बसा. किती सेकंदांत तो बाद झाला, तेवढ्यात किती विनंत्या फसल्या, बाकीच्या सर्व्हरांना भार पेलला का, हे वहीत लिहा. निकालाच्या दिवशी मोबाइलवर बोट ठेवून बसलेल्या मुलाला लोड बॅलन्सर माहीत नसतो. त्याला फक्त पान उघडलं की नाही, एवढंच कळतं.