खाडीकाठची जमीन

विद्यार्थी मित्रांनो, पोलादपूरहून महाडला येताना सावित्री नदी तुम्ही पाहिली असेल. ती महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. महाडच्या खाली तिची खाडी होते. भरतीला समुद्राचे पाणी खाडीत चढते व ओहोटीला परत जाते.

पूर्वी चांगले रस्ते नव्हते. तेव्हा खाडी हाच रस्ता होता. भरतीबरोबर माल भरलेल्या होड्या आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. महाड व दासगाव ही त्या काळची बंदरे. 'बंदर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? तो मराठीत फारसीतूनच आला.

नदी डोंगरातून माती आणते. पाण्याचा वेग कमी झाला, की ती गाळ होऊन खाली बसते. त्यामुळे कोकणात खाडीकाठी दलदल तयार होते. लोकांनी या दलदलीला मातीचे बांध घातले. बांधात 'उघडी' म्हणजे दार ठेवले. ओहोटीला तिच्यातून पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला दार मिटते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाते व भात पिकतो. पण बांध फुटला, तर खारे पाणी शिरून शेत नासते.

आता आपल्याच जिल्ह्यातली कुंडलिका नदी पाहा. घाटावरच्या मुळशी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे येते. १९२७ पासून तेथे वीज तयार होते. नंतर ते पाणी कुंडलिकेत सोडतात. म्हणून उन्हाळ्यात सावित्री रोडावते, पण कुंडलिका वाहती राहते. मुंबईला वीज मिळाली, रोह्याकडे गोडे पाणी आले. मात्र मुळशीची गावे धरणात बुडाली. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे नेते होते.

सावित्रीवर असे वीजघर नाही. तिची अडचण गाळाची आहे. गाळाने पात्र उथळ होते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला जायला जागा उरत नाही. मग ते गावात शिरते. २००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत महाडने असे महापूर सोसले.

मित्रांनो, झाडांची मुळे माती धरून ठेवतात. पोलादपूरच्या डोंगरावरचे झाड टिकले, तर महाडच्या नदीत तेवढा गाळ कमी येतो.