मार्कांची थाप

मेलबर्न : डिसेंबरात इथे उन्हाळा आणि बारावीचा निकाल एकदमच येतात. निकाल टक्क्यांत लागत नाही. आपल्या वयाच्या मुलांत आपण कितव्या पायरीवर आहोत, ते सांगणारा एक आकडा मिळतो. त्याला ‘अटार’ म्हणतात आणि तो फार तर ९९.९५ असतो. शंभर कुणालाच नाहीत. बऱ्याच ऑस्ट्रेलियन घरांत त्याची चर्चा दोन दिवस चालते, मग मंडळी समुद्रावर जातात. आपल्या, अरबांच्या, व्हिएतनामींच्या घरांत मात्र तो आकडा अकरावीपासूनच जेवायच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेला असतो.

या आकड्याची थाप मारणाऱ्या एका मुलाने पुढे त्या थापेचाच सिनेमा केला. ओसामा सामी त्याचं नाव. आईवडील इराकी, जन्म इराणमधल्या कोमचा. सद्दामच्या इराकमधून परागंदा झालेली माणसं इराणात आली ती तिथेही परकीच राहिली, आणि वर इराण-इराक युद्ध. १९९५ मध्ये हे कुटुंब मेलबर्नला पोचलं. वडील शिया मौलवी. मौलवीसाहेबांचा मुलगा डॉक्टरच होणार, ही सगळ्या समाजाची समजूत. मुलाला तेवढे मार्क पडले नाहीत. त्याने पडले म्हणून सांगितलं, आणि विद्यार्थी असल्यासारखा रोज मेलबर्न विद्यापीठात जाऊन बसू लागला.

मला विचाराल तर ही त्याची पहिली पटकथा, आणि पहिली भूमिकाही. रोज प्रयोग, प्रेक्षक घरचेच, आणि एक संवाद चुकला की पडदा.

खऱ्या नटाला इथे काम मिळतं कसं, ते सांगायला हवं. रस्त्यावरचा ऑस्ट्रेलिया आणि मालिकांतला ऑस्ट्रेलिया यांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. मेलबर्नच्या कोबर्ग उपनगरात सिडनी रोडवर हलाल खाटीक, लेबनानी बेकऱ्या, पाच-सहा भाषांतल्या पाट्या. घरी येऊन टीव्ही लावावा, तर त्यातलं कुणीच दिसत नाही. ‘स्क्रीन ऑस्ट्रेलिया’ या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये मोजदाद केली. २०११ ते २०१५ मधल्या मालिकांत ब्रिटिश-आयरिश वंशाबाहेरची मुख्य पात्रं होती १८ टक्के. लोकसंख्येत हीच माणसं ३२ टक्के. त्यातही अरब चेहऱ्याच्या वाट्याला यायचं ते टॅक्सीवाल्याचं काम, दहशतवाद्याचं, नाहीतर छावणीतल्या निर्वासिताचं. सामीने २००९ च्या ‘सेव्ह्ड’ या टेलिफिल्ममध्ये जे केलं, ते या शेवटच्या प्रकारातलं.

व्हिसाशिवाय आलेल्याला डांबून ठेवण्याचा कायदा इथे १९९२ पासून आहे. त्यामुळे ‘निर्वासित’ म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे होडी येते, तारेचं कुंपण येतं. कणव बाळगणाऱ्यालाही तेच दिसतं, राग धरणाऱ्यालाही तेच. निर्वासिताने रडावं, आभार मानावेत, फार तर उपोषण करावं. त्याने थापा माराव्यात, प्रेमात गोंधळ घालावा, हे कुणी लिहीतच नव्हतं. म्हणून नटालाच लिहायला बसावं लागतं. १९८० मध्ये व्हिएतनामहून होडीतून आलेल्या आन डोनेही कायद्याचं शिक्षण बाजूला ठेवून विनोद सांगायला सुरुवात केली, भावाबरोबर ‘फुटी लेजंड्स’ (२००६) लिहिला आणि त्यात नायक झाला.

सामीने हाताशी घेतला तो ‘सीचेंज’ मालिकेवाला मुरलेला लेखक अँड्र्यू नाइट. दोघांच्या ‘अलीज वेडिंग’ या सिनेमाला २०१७ चा मूळ पटकथेचा आक्टा पुरस्कार मिळाला, इथला सिनेमातला मोठा मान तो. आपल्या विशीतल्या फजितीचा नायक सामी स्वतःच झाला, तिशी उलटल्यावर. वडील झाला डॉन हॅनी, सिडनीतलाच, तोही इराकी बापाचा. सिनेमातला खरा जीव मला या वडिलांतच दिसतो. हे मौलवी मशिदीत सद्दामवर चक्क संगीत नाटक बसवतात. ही कल्पना मात्र लेखकांची नाही, खरोखरच तसं नाटक झालं होतं. संगीत नाटकासाठी कर्ज काढणाऱ्या मुलखातल्या वाचकांना या मौलवींचं नवल वाटू नये. पुढे बाप-लेक इराणला गेले असताना वडील तिथेच वारले, आणि पार्थिव मेलबर्नला आणण्यासाठी मुलाला एकेका कचेरीचा उंबरठा झिजवावा लागला. ते त्याने ‘गुड मुस्लिम बॉय’ या आत्मकथनात लिहिलं आहे. तेही हसवत हसवत, हे विशेष.

मागच्या आठवड्यात इथल्या एका मराठी जोडप्याकडे आम्ही हा सिनेमा पाहिला. त्यात मुलगी पाहायला गेलेला अली भाबडेपणाने समोरचा चहा पितो. इराकी रीतीत चहा घेतला म्हणजे सोयरीक पक्की. “आपल्याकडे निदान पोहे खाऊन पळता तरी येतं,” यजमान म्हणाले आणि पोट धरून हसले. त्यांची लेक यंदा बारावीला, निकाल पंधरा दिवसांवर. ती वरच्या खोलीत होती की दाराआडून पाहत होती, कोण जाणे. शेवटची नावं पडद्यावर सरकू लागली तेव्हा तिची आई मात्र हसत नव्हती. रिमोट हातात घट्ट धरून तिने मला विचारलं, “पण त्याला खरे मार्क किती पडले होते हो?”