हिरडा तुरट का लागतो? शुगरची गोळी बंद करण्याआधी हे वाचा

लोणावळा : खंडाळ्याच्या घाटापासून भीमाशंकरच्या रानापर्यंत हिरड्याचं झाड कुणाला नवीन नाही. खोकला आला की हिरड्याचा तुकडा तोंडात धरायचा, बाळाच्या गुटीत बाळहिरडा उगाळायचा, हे घरोघरी चालत आलंय. आता मात्र ‘हिरडा घ्या, शुगर कायमची घालवा’ असे मेसेज मोबाईलवर फिरतात. त्यात खरं किती?

तुरटपणा कशाचा?
हिरड्याच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. सुकलेल्या फळात ते साधारण एक तृतीयांशापर्यंत भरतं. चेब्युलिनिक आणि चेब्युलाजिक आम्ल ही त्यातली मुख्य द्रव्यं, शिवाय गॅलिक आम्लही असतं. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटली की तोंड कोरडं पडतं, तोच तुरटपणा. याच गुणामुळे कातडं कमावायला हिरडा वापरतात.

फायदा कुठे दिसलाय?
दात किडवणाऱ्या जंतूंची वाढ हिरड्याच्या अर्काने कमी होते, असं प्रयोगांत दिसलंय. हिरड्याच्या पाण्याने चूळ भरण्यावर माणसांवरही छोटे अभ्यास झालेत. पोटाचं म्हणाल तर, हिरड्याचं चूर्ण पोट साफ करतं आणि उकडलेला हिरडा जुलाब बांधतो, हे ‘भावप्रकाश’ या जुन्या ग्रंथातही सांगितलंय. म्हणजे फळ एकच, पण घेण्याच्या रीतीने गुण बदलतो.

मग शुगरचं काय?
मधुमेह झालेल्या उंदरांना अर्क दिल्यावर त्यांची साखर उतरली, हे खरं आहे. पण तो मोजून दिलेला अर्क होता, आपण घरी कुटलेली पूड नव्हे. त्या जोरावर माणसाची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. गोळीसोबत हिरडा सुरू केला आणि साखर जास्त उतरली, तर चक्कर येऊ शकते. म्हणून हिरडा घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

विळ्याचं पातं बघा
ओला हिरडा लोखंडी विळ्याने चिरला की पातं काळं पडतं. टॅनिन लोखंडाला धरतं म्हणून असं होतं. पोटातही तसंच घडतं. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आणि हिरडा एकाच वेळी घेतला, तर लोह अंगी कमी लागतं. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी, मुलींनी दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. गरोदर बाईने तर हिरडा घेऊच नये. आयुर्वेदातही गरोदरपणात तो वर्ज्य सांगितलाय. तान्ह्या बाळाला गुटी देण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

गोळा करणाऱ्यांसाठी
आतली बी टणक व्हायच्या आधी काढून सुकवलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. मोठ्या हिरड्यापेक्षा त्याला भाव जास्त मिळतो. माल ओला राहिला की बुरशी धरते, आणि बुरशीचा माल औषधाला चालत नाही. म्हणून कडक उन्हात पातळ पसरून वाळवा, मगच पोत्यात भरा. फळासाठी फांद्या तोडू नका. सगळंच कोवळं ओरबाडलं तर नवीन रोपाला बी उरत नाही, म्हणून झाडावर थोडी फळं पिकू द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या पात्र कुटुंबांना गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क दिलाय, आणि हिरडा त्यातच येतो.