पोर्श ९५६
पोर्श ९५६ : दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील पोर्श कंपनीने नॉर्बर्ट झिंगर यांच्या मार्गदर्शनाखाली बनविलेली मोटारगाडी (१९८२). एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूंनी टरबाइन फिरते व त्याच दंडावरील संपीडक सिलिंडरांत अधिक हवा कोंबतो. अशा दोन टरबोभरकांमुळे हिच्या २,६५० घ. सेंमी.च्या सहा सिलिंडरी एंजिनापासून सु. ६२० अश्वशक्ती मिळे. तथापि अधिक हवेस इंधनही अधिक लागते आणि १९८२ पासूनच्या ‘सी’ गटाच्या नियमांनुसार १,००० किमी.साठी ६०० लिटरच इंधन मिळे. त्यामुळे कसोटी शक्तीपेक्षा काटकसरीची होती. भरणदाब कमीजास्त करणे चालकाच्या हाती असे. पुढे इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय झाले. सिलिंडर हवेने, तर अधिक तापणारी त्यांची शीर्षे पाण्याने थंड राखीत. तळाच्या विशिष्ट आकारामुळे गाडीखालील हवेचा दाब घटून चाके रस्त्यास घट्ट धरून राहत. १९८२ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक याच गाड्यांना मिळाले. चालकाची पावले पुढच्या आसाच्याही पुढे येत, हा मात्र गंभीर दोष होय. अमेरिकेतील शर्यतींच्या नियमांत तो बसेना, म्हणून ९६२ या पुढील गाडीत आस पुढे सरकविण्यात आला.